प्राणीगृहात आरोग्य-तपासणी बसवताना: पाच महिन्यांच्या नोंदी

या नोंदी पश्चिम विदर्भातल्या एका फार्मसी महाविद्यालयाच्या प्राणीगृहातल्या, म्हणजे प्रयोगांसाठीचे प्राणी ठेवतात तिथल्या आहेत. तीन खोल्या, साधारण १४० विस्टार रॅट (मोठे पांढरे उंदीर), ११० स्विस अल्बिनो माईस (लहान पांढरे उंदीर). कायमचे कर्मचारी एकच, सगळे त्यांना मामा म्हणतात. आठवड्यातून एकदा पशुवैद्यक मॅडम येतात. प्रभारी मी. मोठ्या संस्थांत या कामाला वेगळा विभाग असतो, आपल्यासारख्या ठिकाणी नसतो. दुसऱ्या एखाद्या छोट्या प्राणीगृहात हेच काम कुणी सुरू करत असेल तर त्यांचा वेळ वाचावा, म्हणून जसं घडलं तसं लिहिते आहे.

५ फेब्रुवारी २०२४

सुरुवात का केली, ते आधी. मागच्या वर्षी एम. फार्मच्या एका विद्यार्थिनीने दम्यावरच्या एका वनस्पतीचा प्रयोग संपवला. काचपट्ट्या पाहताना तिला दिसलं की कंट्रोल गटातल्या, म्हणजे ज्यांना काहीच दिलेलं नव्हतं अशा रॅटच्याही श्वासनलिकांभोवती लिम्फोसाइट पेशींची (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची) दाट कडी आहेत. प्रयोग सुरू होण्याआधीपासूनच जनावरं आजारी होती. ४८ रॅट आणि तिचे सहा महिने वाया गेले. परवानगीच्या फॉर्म बी मध्ये आपण लिहून देतो की या कामासाठी प्राणी वापरणं आवश्यकच आहे. त्या अर्जावर माझीही सही होती. ती मला तेव्हापासून टोचते आहे.

आज जुन्या वह्या काढल्या. रोजच्या नोंदवहीत १४ महिने एकच मजकूर, "सर्व ठीक". त्याच कपाटात मृत्यूंची वेगळी वही. तिच्यात त्याच १४ महिन्यांत १९ रॅट. या दोन वह्या शेजारी-शेजारी ठेवून कुणी पाहिल्याच नव्हत्या. मीसुद्धा नाही.

आजपासून "ठीक" हा शब्द वहीत लिहायचा नाही.

९ फेब्रुवारी

पहिला तक्ता फसला. मी २२ रकाने केले होते: केस, डोळे, नाक, चाल, दात, शेपटी, विष्ठा, लघवी, असं सगळंच. एका पिंजऱ्याला चार मिनिटं लागायला लागली. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर सगळ्या रकान्यांत एकाच ओघात मारलेल्या बरोबरच्या खुणा. मामांची यात काही चूक नाही. एकट्या माणसाने ५० पिंजऱ्यांचे २२ रकाने भरायचे म्हटल्यावर दुसरं काय होणार?

नवा तक्ता पाच रकान्यांचा. पाणी किती मिलीलीटर उतरलं, खाद्य किती ग्रॅम उरलं, विष्ठा (कडक, मऊ की पातळ), डोळे-नाक, आणि पिंजरा उघडल्यावर कोण हललं नाही. पहिले दोन रकाने आकड्यांचे. आकडा लिहायचा तर बाटलीकडे बघावंच लागतं.

१४ फेब्रुवारी

पाण्याच्या रकान्याने पाचव्याच दिवशी धडा दिला.

पिंजरा ३१, तीन रॅट, प्रत्येकी २०० ग्रॅमच्या आसपास. रॅट दिवसाला दर १०० ग्रॅम वजनामागे १० ते १२ मिली पाणी पितो, म्हणजे तिघांचे मिळून ६०–७० मिली उतरायला हवेत. सकाळी उतरलं होतं ८ मिली. बाटली भरलेली, नळी लावलेली, लांबून सगळं व्यवस्थित. खाद्य जवळजवळ तसंच होतं, कारण पाणी नसलं की रॅट खाणंही सोडतो. मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडली तर घडी तशीच उभी राहिली, हळूहळू बसली. तिघांचेही डोळे आत गेलेले.

दुसरी बाटली लावली. तिघेही मागच्या पायांवर उभे राहिले आणि एकमेकांच्या डोक्यावरून मान घालून पीत राहिले. नळीतल्या छऱ्यावर दात आपटल्याचा टिक-टिक आवाज कितीतरी वेळ थांबला नाही. मी आणि मामा तिथेच उभे होतो.

कारण साधं होतं. आमचं पाणी बोअरचं. त्यातले क्षार आणि पिंजऱ्यात अंथरलेल्या तुसाचा भुगा मिळून नळीतला छर्रा जाम झाला होता. लगेच सगळ्या बाटल्या तपासल्या, आणखी दोन अर्धवट जाम निघाल्या. मृत्यूच्या वहीतल्या १९ पैकी काही असेच गेले असतील का, हा प्रश्न मनातून जात नाही.

आता नियम असा. बाटली लावण्याआधी उलटी धरून छर्रा बोटाने दाबायचा आणि हातमोज्यावर थेंब पडला तरच ती लावायची. आठवड्यातून एकदा सगळ्या नळ्या रात्रभर व्हिनेगरमध्ये. ४० नव्या नळ्या घेतल्या, १,८०० रुपये. तूस नळीला टेकलं तर याच्या उलट होतं, बाटली रात्रीत रिकामी आणि पिंजरा ओलाचिंब. म्हणून तुसाचा थर नळीच्या खाली दोन बोटं तरी राहिला पाहिजे.

२० फेब्रुवारी

वजनं सुरू केली. दोन चुका झाल्या. तराजू एसीच्या झोताखाली ठेवला होता, आकडा स्थिरच होईना. आणि वजन कधी सकाळी तर कधी दुपारी घेत होतो. पोट भरलेलं असताना आणि रिकामं असताना घेतलेली वजनं एकमेकांशी ताडून उपयोग नाही. आता दर मंगळवारी सकाळी ९ ते ११, झाकणाच्या डब्यात बसवून.

वजनासोबत हाताने अंगलट पाहायला शिकलो. पाठीवरून कमरेच्या हाडापर्यंत बोट फिरवायचं आणि १ ते ५ असा गुण द्यायचा. हाडं धारदार लागली तर १, बोटाला जाणवतात पण वर मांस आहे तर ३, चरबीखाली लागतच नाहीत तर ५. नुसत्या वजनावर विसंबता येत नाही. गाभण मादीचं किंवा पोटात गाठ असलेल्या जनावराचं वजन वाढतं आणि पाठ मात्र वाळत जाते. मामांनी हे माझ्याआधी आत्मसात केलं. गावाकडे बकरी विकत घेताना कमरेवर हात ठेवून असंच पाहतात, म्हणाले.

माईसना शेपटीने उचलणं बंद केलं. पीव्हीसी पाइपचे तुकडे पिंजऱ्यात ठेवले आहेत. माऊस आपणहून आत जातो, पाइपसकट उचलायचा किंवा ओंजळीत घ्यायचा. शेपटीने धरल्यावर माईसची भीती वाढते, हे प्रयोगांनी दाखवलेलं आहे. भेदरलेल्या जनावराकडे बघून ते आजारी आहे की नाही ते कळत नाही. खर्च फक्त प्लंबरकडच्या उरलेल्या पाइपचा.

२ मार्च

रात्री दहाला प्राणीगृहात गेले. हे आधीच सुचायला हवं होतं. रॅट रात्रीचं जनावर. दिवसा सकाळी दहाला आपण बघतो तेव्हा ते झोपलेलं असतं, आणि झोपलेलं जनावर आजारी असो वा धडधाकट, सारखंच दिसतं. लाल दिवा घेतला, लाल उजेड त्यांना फारसा दिसत नाही. एसी पाच मिनिटं बंद केला.

मामा पुढे होते. पिंजरा १२ पाशी थांबून म्हणाले, "मॅडम, याचं नाक वाजून राह्यलं."

मला काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांनी रॅट बाहेर काढला, दोन्ही हातांत सैल धरला आणि माझ्या कानाजवळ आणला. तेव्हा कळलं. प्रत्येक श्वासाला बारीक खुरखुर, ओल्या कागदावर नख ओढावं तशी. पिंजऱ्यात परत सोडल्यावर तो सरळ खायला गेला. दिवसा त्याच्याकडे बघून कुणालाही शंका आली नसती.

त्या रात्री ४६ पिंजरे ऐकले, ९ मध्ये आवाज. एका मादीची मान किंचित डावीकडे कललेली. संसर्ग नाकातून कानात उतरला की तोल जातो, तसं दिसलं.

मामांना विचारलं, हा आवाज तुम्हाला आधी कधी ऐकू आला होता का? म्हणाले, दोन वर्षांपासून येतो. कुणाला सांगितलं का नाही? वहीत तसा रकाना नव्हता.

या वाक्याने मी रात्रभर जागी होते. सहावा रकाना वाढवला: "मामांनी काय पाहिलं". त्यात शब्दांत लिहायचं, खुणा नाहीत.

६ मार्च

सहा रॅटच्या डोळ्यांच्या कडा लाल. विद्यार्थी घाबरून आले, रक्त येतंय म्हणून. ते रक्त नाही. डोळ्यामागच्या हार्डेरियन ग्रंथीतून पॉर्फिरिन नावाचं रंगद्रव्य येतं, ताण किंवा आजार असला की जास्त येतं आणि अंग पुसण्याचं थांबलं की साचतं. ओळखायला सोपी युक्ती आहे: पॉर्फिरिन अतिनील दिव्याखाली गुलाबी-तांबडं चमकतं, रक्त चमकत नाही. नोटा तपासायचा छोटा दिवा बाजारात ३५० रुपयांना मिळाला, त्याने काम होतं. दिवा जनावराच्या डोळ्यात मारायचा नाही, ओल्या कापसाने पुसून घेऊन कापूस तपासायचा.

पण लाल कडा दिसल्या म्हणजे अमुकच रोग, असं म्हणता येत नाही. काहीतरी बिनसलंय, एवढंच कळतं.

११ मार्च

अमोनिया. खोलीत उभं राहून वास येत नव्हता. पशुवैद्यक मॅडमनी नाक पिंजऱ्याच्या जाळीपाशी नेऊन श्वास घ्यायला सांगितलं, डोळ्यांत पाणी आलं. जनावर त्या हवेत २४ तास असतं, आणि आपलं नाक रोजच्या सवयीने मरतं. अमोनियाने श्वसनमार्गाचं अस्तर खराब होतं आणि आधीच असलेला संसर्ग भडकतो, म्हणजे २ मार्चच्या रात्रीचा धागा इथेही आहे.

तूस बदलण्याचे दिवस वाढवले, तरी फरक थोडाच. दोन दिवस त्यातच गेले. शेवटी एक्झॉस्टच्या तोंडाशी पातळ कागद धरून पाहिला. कागद चिकटायला हवा होता, नुसता लोंबत राहिला. शिडी लावून बाहेरून पाहिलं तर झडपेत कबुतराचं घरटं. पंखा फिरत होता, हवा जात नव्हती. तासाला १२ ते १५ वेळा खोलीची हवा बदलली पाहिजे, असं सीसीएसईएच्या (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या समितीच्या) मार्गदर्शक सूचनांत आहे. आमच्याकडे किती महिने बदलत नव्हती, याचा हिशेब नाही. घरटं रिकामं होतं, काढलं, बारीक जाळी बसवली. खर्च ६०० रुपये. कागद धरून पाहणं आता दर सोमवारच्या कामात.

तूस राइस मिलमधून येतं. पोतं उघडलं तर त्यात रानउंदराच्या लेंड्या. आतापर्यंत आम्ही ते ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) करत होतो, पण पोतं गच्च भरून. बाहेर लावलेली, उष्णता दाखवणारी पट्टी रंग बदलते, मधलं तूस मात्र कोमटसुद्धा होत नाही. आता पिशव्या अर्ध्या भरून, १२१ अंशांना ३० मिनिटं. तूस ओलं निघतं, ते पसरून वाळवायला एक दिवस जातो, त्यासाठी आधीची बॅच तयार हवी.

१८ मार्च

मामांचा खोकला. तूस झटकताना एन-९५ मास्क आता सक्तीचा, त्यांना आणि मलाही. प्राण्यांच्या लघवीतल्या प्रथिनांची ॲलर्जी या कामात नेहमीची आहे, आणि ती एकदा बसली की सहज जात नाही.

२२ मार्च

सेलोटेपची चाचणी. गुदद्वारापाशी पारदर्शक टेप दाबायची, काचपट्टीवर चिकटवायची, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. सिफेशिया जातीच्या पिनवर्मच्या (आतड्यातल्या बारीक जंतांच्या) माद्या अंडी तिथेच घालतात.

पहिल्या दिवशी टेप धुरकट निघाली, दुकानदाराने "न दिसणारी" म्हणून दिलेली. काचेखाली सगळं दुधाळ. दुसऱ्या दिवशी साधी, स्वच्छ टेप. दहा मोठे माईस तपासले, एकातही काही नाही. आम्ही खूश झालो.

मॅडम म्हणाल्या, पिल्लं घ्या. जंतांचा भार नुकतं दूध तोडलेल्या पिल्लांत सर्वांत जास्त असतो, मोठ्यांत कमी होत जातो. चार आठवड्यांची दहा पिल्लं तपासली. सातांमध्ये अंडी. एक बाजू सपाट, दुसरी फुगीर, हुबेहूब केळ्याच्या आकाराची. सिफेशिया ऑब्वेलाटा.

किती जनावरं तपासायची, याचा हिशेब पाठ करून ठेवण्यासारखा आहे. निम्म्या जनावरांना लागण असेल तर ५ तपासून ९५ टक्के खात्रीने एखादं तरी सापडतं. लागण १० टक्क्यांनाच असेल तर २९ तपासावी लागतात. म्हणून "पाच तपासले, स्वच्छ निघाले" यावर समाधान मानू नका.

विष्ठा मिठाच्या संपृक्त द्रावणात तरंगवूनही पाहिली, कारण ॲस्पिक्युल्युरिस ही दुसरी जात गुदद्वाराशी अंडी घालत नाही, टेपला सापडत नाही. ती मिळाली नाही.

१ एप्रिल

नैतिकता समितीची बैठक झाली, सेंटिनल जनावरांना आणि रक्त-स्वॅब घ्यायला परवानगी मिळाली. अर्ज फेब्रुवारीत दिला होता. हे दोन महिने मी गृहीत धरले नव्हते. तुम्ही अर्ज पहिल्याच दिवशी टाका.

सेंटिनल म्हणजे पहारेकरी. स्वच्छ, तरुण जनावरं आणायची, बाकीच्या पिंजऱ्यांतलं वापरलेलं तूस त्यांच्या पिंजऱ्यात घालत राहायचं, काही आठवड्यांनी त्यांची तपासणी करायची. माऊस हेपटायटिस व्हायरस तुसातून चांगला पसरतो, त्यामुळे तो यात पकडला जातो. पण फरमधले माइट्स, सेंडाई व्हायरस आणि मायकोप्लाझ्मा (श्वसनमार्गाचा जिवाणू) तुसातून नीट पसरत नाहीत. आमचा संशय मायकोप्लाझ्मावर, म्हणून रॅटच्या खोलीत नुसत्या तुसावर भागणार नव्हतं. तिथे नाक वाजणाऱ्या रॅटचेच थेट स्वॅब घ्यायचं ठरलं.

१२ एप्रिल

८ तारखेला आठ स्वॅब आणि सीरम मुंबईच्या प्रयोगशाळेला कुरिअरने पाठवले. ९ ला गुढीपाडवा, ११ ला ईद. आज खोका पोहोचला, बर्फाच्या पिशव्या कोमट पाण्याच्या झाल्या होत्या. नमुने बाद. पैसे आणि जनावरांना दिलेला त्रास, दोन्ही फुकट गेलं. पंचांग न बघता मी खोका पाठवला, चूक माझी.

१६ एप्रिल

नव्याने नमुने घेतले. या वेळी एक विद्यार्थी थर्मोकोलचा डबा मांडीवर घेऊन रात्रीच्या गाडीने गेला. तिकीट कुरिअरपेक्षा थोडंच महाग पडलं. तपासणीचे साडेसहा हजार.

२५ एप्रिल

अहवाल आला. आठपैकी सहा रॅट मायकोप्लाझ्मा पल्मोनिस पॉझिटिव्ह. सेंडाई नाही.

मागच्या वर्षीच्या त्या काचपट्ट्यांतली कडी म्हणजे हेच होतं. त्या विद्यार्थिनीला फोन केला. ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "म्हणजे माझं मोजणं चुकलं नव्हतं ना, मॅडम?" नव्हतं.

रॅटचं प्रजनन आजपासून बंद. नवा कुठलाही प्रयोग या रॅटवर नाही. उद्या मतदान, मामांना आणि मला दोघांनाही ड्युटी, म्हणून दोन विद्यार्थ्यांना बाटल्यांची थेंब-चाचणी शिकवून ठेवली.

२९ एप्रिल

माईसना पिनवर्मचं औषध. फेनबेंडाझोल खाद्यातून, किलोला १५० मिलिग्रॅम, एक आठवडा द्यायचं, एक आठवडा साधं खाद्य, असं आलटून-पालटून. खाद्यवाल्याची किमान ऑर्डर २०० किलो, आमची गरज त्याच्या चौथ्या हिश्शाचीही नाही. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाशी बोललो, त्यांच्याकडेही तीच अडचण होती, निम्मं त्यांनी घेतलं. माईसवर प्रयोग चालू असलेल्या दोघांना थांबवावं लागलं. औषधाचा परिणाम त्यांच्या मोजमापांवर होऊ शकतो, हे त्यांना आधी सांगितलं. दोघेही नाराज झाले, त्यांचं वर्ष जवळ आलंय. तरी थांबले.

७ मे

बाहेर ४३ अंश. प्रजनन थांबवण्याआधीच गाभण असलेल्या मादीची पिल्लं, वय दहा दिवस. तिघांच्या शेपटीवर आडव्या आवळ्या, दोरा करकचून बांधल्यासारख्या, टोक सुजलेलं. रिंगटेल. खोलीतली आर्द्रता २२ टक्के. एसी उन्हाळ्यात हवा कोरडी करतो आणि आमचं लक्ष फक्त तापमानावर.

सूचनांत आर्द्रता ३० ते ७० टक्के चालते. पण आर्द्रता ४० च्या खाली गेली की दूध पिणाऱ्या पिल्लांना रिंगटेल होऊ शकतं, म्हणजे नियम पाळूनही पिल्लाची शेपटी जाऊ शकते.

मामांनी वाळ्याची ताटी सुचवली. घरी तीच लागते, पण इथे ओल्या ताटीवर बुरशी चढेल म्हणून नको म्हटलं. कूलर एक दिवस लावला, आर्द्रता ७८ वर गेली आणि दुसऱ्या सकाळी अमोनिया डोळ्यांना झोंबला. शेवटी छोटं ह्युमिडिफायर (३,२०० रुपये) आणि घरट्यासाठी भरपूर कागदाच्या पट्ट्या. पट्ट्यांनी जास्त फरक पडला. आई पिल्लांना त्यांत गुंडाळून ठेवते, आतली हवा ओलसर राहते. आर्द्रता ४५–५० वर टिकली. दोन पिल्लांच्या शेपट्या सुधारल्या, एकाचं टोक गळून पडलं.

१५ मे

दुपारी वीज गेली, ३ तास ४० मिनिटं. जनरेटर सुरू झाला नाही, डिझेल होतं पण बॅटरी उतरलेली. रॅटच्या खोलीत पारा ३४ वर गेला. रॅटला घाम येत नाही, ते अंगावर लाळ चोपडतात आणि पोट जमिनीला टेकवून पसरतात. सगळा पिंजरा तसा पसरलेला पाहवत नाही. पिंजऱ्यांतली गर्दी कमी केली, मांडणीच्या वरच्या कप्प्यांतले पिंजरे खाली फरशीवर आणले (वर दोन-तीन अंश जास्त असतात), फरशी ओली केली. एकही दगावला नाही.

आम्ही तापमान सकाळी १० आणि संध्याकाळी ५ ला लिहायचो. आजचा ३४ चा आकडा त्यात आलाच नसता. दर दहा मिनिटांना नोंद करणारी दोन यंत्रं घेतली, २,४०० ची एक. पहिल्याच आठवड्यात कळलं की पहाटे तीनला एसी आपोआप बंद पडतो. जनरेटर आता दर शुक्रवारी पाच मिनिटं चालवून बघायचा.

३ जून

माईसचा औषधाचा दुसरा फेरा संपून आठ दिवस झाले. पिल्लांची टेप-चाचणी: दहापैकी दोन पॉझिटिव्ह. मी हताश झाले.

मॅडमनी एक दिवस आमच्यासोबत नुसतं फिरायचं ठरवलं. सकाळी मामांनी झाडू घेतला, तिथेच त्यांनी थांबवलं. सिफेशियाची अंडी हलकी असतात, धुळीबरोबर उडतात आणि काही तासांतच लागण करण्याजोगी होतात. कोरड्या झाडूने आम्ही ती रोज खोलीभर पसरवत होतो. दुसरी गोष्ट, वजनाचा डबा. सगळ्या माईससाठी एकच, मध्ये नुसता स्पिरिटने पुसलेला. स्पिरिटने अंडी मरत नाहीत, उष्णतेने मरतात. फेब्रुवारीत ज्या वजन-तपासणीचा मला एवढा आनंद झाला होता, तिनेच आम्ही जंत पिंजऱ्या-पिंजऱ्यांत पोहोचवत होतो.

झाडू खोलीबाहेर, ओला पोछा आत. वजनाचे सहा डबे, प्रत्येक मांडणीला वेगळा, वापरल्यावर ऑटोक्लेव्ह. पाइपचे तुकडे पीव्हीसीचे, ते ऑटोक्लेव्हमध्ये वाकले. पॉलिप्रॉपिलीनचे घ्यायला हवे होते. औषधाचे आणखी दोन फेरे.

१२ जून

रॅटबद्दल समितीचा निर्णय झाला. प्रतिजैविकांनी मायकोप्लाझ्मा दबतो, जात नाही. औषध थांबवलं की नाक पुन्हा वाजायला लागतं. संसर्ग आईकडून पिल्लांना जातो, त्यामुळे वसाहत आपोआप स्वच्छ होण्याची आशा नाही. सगळी वसाहत संपवायची, खोली निर्जंतुक करायची, नवी जनावरं आणायची.

१४ जून

९१ रॅट. मॅडम, मामा आणि मी. जनावरं त्यांच्या स्वतःच्या पिंजऱ्यातच ठेवली, अनोळखी जनावरं एकत्र केली नाहीत, वायू हळूहळू सोडला. प्रत्येकाचा मृत्यू मॅडमनी तपासून निश्चित केला. विद्यार्थ्यांना बोलावलं नव्हतं, तरी दोघे आले आणि शेवटपर्यंत थांबले.

पिंजरा १२ मामांनी स्वतः उचलला. त्यातल्या रॅटच्या पाठीवर पिक्रिक आम्लाचा पिवळा ठिपका अजून होता. त्याला त्यांनी थोडा वेळ हातात धरलं, मग आत ठेवलं.

काही फुफ्फुसं मॅडमनी उघडून दाखवली. कडेला करडे, घट्ट भाग. इतकी मुरलेली फुफ्फुसं घेऊन ही जनावरं रोज खात-पीत होती, आणि आम्ही "सर्व ठीक" लिहीत होतो.

१७ ते २९ जून

खोली धुणं, वाळवणं, पुन्हा धुणं. फिल्टर बदलले, दाराखालच्या फटी पत्र्याने बंद केल्या.

नवी जनावरं कुठून घ्यायची, यात वेळ गेला. एका पुरवठादाराने "प्राणी निरोगी आहेत" असं एका ओळीचं प्रमाणपत्र पाठवलं. त्याला काही अर्थ नाही. मागायची ती यादी: कोणकोणत्या जंतूंची तपासणी केली, कोणत्या पद्धतीने, कधी, किती जनावरांची. युरोपच्या फेलासा या प्रयोगशाळेतल्या प्राण्यांविषयीच्या संघटनेच्या २०१४ च्या शिफारशींत निदान दर तीन महिन्यांनी तपासणी करायला सांगितलं आहे. यादी देऊ शकणाऱ्याकडून २४ रॅट घेतले. भाव दीडपट.

४ जुलै

२४ रॅट आले. वजनं १४० ते १६५ ग्रॅम. विलगीकरण खोलीत, वेगळे हातमोजे, वेगळा डबा, वेगळा पोछा. मामा आधी माईसकडे जात नाहीत, दिवसाची पहिली फेरी इथली.

माईसच्या पिल्लांची टेप-चाचणी आज पुन्हा, या वेळी २९. एकही पॉझिटिव्ह नाही. ऑगस्टमध्ये परत करणार, तोवर "गेले" म्हणणार नाही.

९ जुलै

रात्री दहा, लाल दिवा. सगळे पिंजरे ऐकले. मामांनी दोनदा ऐकले. पिंजरा ५ मध्ये पाणी काल ४८ उतरलं होतं, आज ३१. नळीतून थेंब पडतोय, छर्रा मोकळा आहे. तिघांची अंगलट ३. विष्ठा थोडी कडक. स्वॅब शुक्रवारी जाणार होते, या पिंजऱ्याचा उद्याच घेतो.